खुल्या नात्यांत मार्गदर्शन करताना या चुका टाळा

या कामात नव्याने आलेले मार्गदर्शक अडलेले प्रकरण घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा चूक बहुधा फार आधी झालेली असते: जोडीदारांपैकी एकाला वेगळे भेटून त्यांनी "हे आपल्यातच राहील" असा शब्द देऊन टाकलेला असतो. हा शब्द मीही एकदा दिला आहे. लग्न खुले करावे की नाही, म्हणजे परस्पर संमतीने दोघांना इतर नाती ठेवू द्यावीत की नाही, हे ठरवण्यासाठी एक जोडपे माझ्याकडे आले होते. स्वतंत्र भेटीत पतीने सांगितले की दुसरे नाते आठ महिन्यांपासून सुरूच आहे आणि पत्नीला ते एवढ्यात कळू नये. मी होकार दिला, कारण नकार कोणत्या शब्दांत द्यायचा याचा मी कधी विचारच केला नव्हता. पुढच्या तीन संयुक्त भेटींत ती वहीत प्रश्न लिहून आणत असे, आणि निर्णय तिच्या नकळत केव्हाच झाला आहे हे ठाऊक असूनही मी तिच्याबरोबर शक्यतांची चर्चा करत बसे. चौथ्या भेटीत तिने त्याला नव्हे, मला विचारले, "तुम्हाला माहीत होते ना?" त्यानंतर दोघेही आले नाहीत.

आता मी पहिल्या भेटीआधीच लिहून देते की संयुक्त निर्णयावर परिणाम करणारे गुपित मी सांभाळणार नाही. ते मी स्वतः फोडणारही नाही, परंतु सांगणाऱ्याने ते ठरलेल्या मुदतीत उघड केले नाही, तर एकत्रित काम थांबवीन. प्रत्येक स्वतंत्र भेटीच्या आरंभी मी हे पुन्हा वाचून दाखवते आणि लोक कंटाळले तरी वाचते. मात्र मारहाण किंवा धाकाचा संशय असल्यास ही मुदत लावू नये. तेथे एकाने सांगितलेले दुसऱ्यासमोर नेणे धोक्याचे असते.

दुसरी चूक उतावळेपणाची आहे. मत्सराचा शब्द निघताच नवशिका मार्गदर्शक तयार करारनामा पुढे सरकवतो: मुक्काम नको, भावना गुंतवायच्या नाहीत, हवे तेव्हा दुसऱ्याचे नाते थांबवण्याचा अधिकार. भावना गुंतवू नयेत हे कलम पाळणे कोणाच्याच हातात नसते, ते मोडले की लपवाछपवी मात्र सुरू होते. मी आधी एकच प्रसंग बारकाईने विचारते, आणि पुष्कळदा असे निघते की टोचला होता तो तिसऱ्या व्यक्तीचा सहवास नसून, तिच्यासाठी ऐनवेळी रद्द झालेला ठरलेला दिवस. त्यावर करारनामा लागत नाही. शिवाय ज्या तिसऱ्या माणसाबद्दल ही कलमे लिहिली जातात, त्याला कोणी विचारलेले नसते. जे कलम त्याला तोंडावर वाचून दाखवता येणार नाही, ते मी खोडायला लावते.

लैंगिक संसर्गांची "तपासणी झाली आहे" एवढ्यावर कधीही थांबू नका: प्रयोगशाळेतील प्रतिजन-प्रतिपिंड चाचणीत एचआयव्ही दिसायला संपर्कानंतर ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात, आणि हर्पीस व एचपीव्ही या विषाणूंपासून निरोध पूर्ण संरक्षण देत नाही. संभोगात वेदना होत असतील तर आधी डॉक्टरकडे पाठवा. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी लैंगिकता-संशोधकांच्या पद्धतीचा स्पर्श-सराव (संभोगाचा हेतू न ठेवता एकमेकांना स्पर्श करणे) देताना संभोगाची तात्पुरती बंदी "छान चालले आहे" म्हणून दुसऱ्याच आठवड्यात उठवू नका, कारण पुढे काही करून दाखवायचे नाही या खात्रीमुळेच तो सराव चालतो. आणि स्वतःच्या खुल्या नात्याची कहाणी कृपया भेटीत सांगू नका. त्या तासाचे पैसे त्यांनी भरलेले असतात.