दात पांढरे करताना या चुका टाळा: आधी पिवळेपणा कुठला ते ओळखा

लग्न ठरलं किंवा फोटोत दात पिवळट दिसले की हात आधी स्वयंपाकघराकडे जातो. लिंबू, मीठ, सोडा, नाहीतर कोळसा. हे उपाय फसतात, कारण पिवळेपणा दाताच्या वरचा आहे की आतला, हे कोणी बघितलेलंच नसतं.

निरोगी दात मुळात शुभ्र नसतो. वरचं आवरण, म्हणजे इनॅमल, दुधी काचेसारखं अर्धपारदर्शक असतं आणि त्याच्या आतलं डेंटिन पिवळसर. वयाबरोबर इनॅमल झिजतं, डेंटिन जाड होतं आणि आतला रंग जास्त डोकावतो. म्हणून चाळिशीतला दात विशीतल्यापेक्षा पिवळा दिसला तर तो अस्वच्छच आहे असं नाही. लहान मुलांचे नवे पक्के दात शेजारच्या दुधाच्या दातांपेक्षा पिवळे दिसतात, तेही नैसर्गिकच. त्यावर काहीही घासू नका.

घरच्या घरी कसं ओळखायचं

ब्रश झाल्यावर दिवसाउजेडी खिडकीपाशी आरसा घेऊन उभे राहा. बल्बच्या पिवळ्या उजेडात रंग कळत नाही. ओठ वर उचला आणि स्वच्छ सुती फडक्याने समोरचे दात कोरडे करा.

दोन दातांच्या मध्ये आणि हिरडीलगत तपकिरी-काळसर रेघ दिसली, तर तो डाग बहुधा वरचा: चहा, तंबाखू, पान, लोहाचं औषध, किंवा क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश दोन-तीन आठवडे सलग वापरल्याचा. आता जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या मागून फिरवा. खरखरीत कड लागली तर ते कीटण, म्हणजे लाळेतल्या क्षारांनी दगडासारखा कडक झालेला थर. जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडं उघडतात, म्हणून ते तिथे सगळ्यात आधी साठतं.

दात गुळगुळीत आणि सगळे सारखेच पिवळसर असतील तर रंग आतला. एकच दात करडा पडला असेल तर जुन्या माराने त्याची नस मेलेली असू शकते. त्याचा एक्स-रे काढायला हवा, दात पांढरे करायचं जेल लावून उपयोग नाही. खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी चट्टे लहानपणापासून असतील, तर पाण्यातल्या जास्तीच्या फ्लोराइडचा विचार करायचा. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यामुळे असे दात दिसतात. असे दात ब्लीच केले, म्हणजे रसायनाने उजळले, तर पांढरे ठिपके आधी जास्तच उठून दिसतात, म्हणून त्यांचा उपचार दंतवैद्यानेच ठरवावा.

चूक: लिंबू आणि सोडा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. लिंबाच्या रसाचा पीएच साधारण 2 ते 2.5 असतो आणि इनॅमल साधारण 5.5 च्या खाली विरघळायला लागतं. कैरी किंवा चिंच खाल्ल्यावर दात आंबतात, ती या आम्लाचीच खूण. लिंबू चोळल्यावर दात क्षणभर स्वच्छ वाटतो, कारण वरचा थर डागासकट निघतो. तो थर परत येत नाही. काही महिन्यांनी दात आणखी पिवळा दिसतो, कारण डेंटिन झाकणारं आवरणच पातळ झालेलं असतं.

लिंबात सोडा टाकल्यावर जो फेस येतो तो कार्बन डायऑक्साइड वायूचा. त्याने दात पांढरा होत नाही. नुसता सोडा फारसा खरखरीत नसतो, वरचा डाग थोडा काढतो; आतल्या रंगाला मात्र हात लावत नाही.

आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर लगेच ब्रश करणं हीसुद्धा त्याच जातीची चूक. साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा आणि अर्धा तास थांबा.

चूक: कोळसा, राखुंडी आणि जोर

कोळशाची पूड, राख, जाडसर दंतमंजन घासकागदासारखं काम करतात. डाग जातो, चकाकी जाते आणि खरबरीत पृष्ठभागावर नवा डाग लवकर धरतो. कोळशाचे बारीक कण सिमेंट भरलेल्या दाताच्या कडेला आणि हिरडीत अडकून काळी रेघ उमटवतात. कडक ब्रशने आडवं रेटून घासलं तर हिरडीलगत पाचरीसारखी खाच पडते आणि तिथे गार पाणी लागायला लागतं. मऊ ब्रश, वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट आणि दोन मिनिटं पुरतात.

मशेरीबद्दल स्पष्टच सांगायला हवं. तव्यावर भाजलेला तंबाखू दातांना लावून दात स्वच्छ होत नाहीत. डाग वाढतो, हिरड्या खराब होतात, सवय लागते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला भारतात 1992 पासून बंदी आहे, पण घरात भाजलेली मशेरी त्यातून सुटते. ती सोडताना डोकं दुखलं, चिडचिड झाली, पोट साफ झालं नाही, तर तो निकोटिन तुटल्याचा त्रास असतो. "मशेरीशिवाय चालतच नाही" याचा पुरावा नव्हे. डॉक्टरांची मदत घ्या.

गैरसमज: स्केलिंगने दात सैल होतात

स्केलिंग म्हणजे दंतवैद्याने दातांवरचं कीटण खरवडून काढणं. कीटण दातांच्या फटीत सिमेंटसारखं बसलेलं असतं. ते काढल्यावर मुळात असलेली फट उघडी पडते आणि जिभेला नवी वाटते. हाड आधीच झिजलेलं असेल तर दात हलल्याचं जाणवतं. ते हाड कीटणाखालच्या आजाराने झिजलेलं असतं. काही दिवस गार लागणं स्वाभाविक आहे. मात्र स्केलिंग म्हणजे ब्लीचिंग नव्हे. त्याने दात त्याच्या मूळ रंगावर येतो, त्यापुढे उजळत नाही. वरचे डाग असणाऱ्या अनेकांना तेवढंच पुरतं.

ब्लीचिंगमध्ये काय बिघडतं

आतला रंग फिकट करतं ते पेरॉक्साइड हे रसायन. 1989 मध्ये हेवूड आणि हेमन या अमेरिकी दंतवैद्यांनी रात्री ट्रे, म्हणजे दातांच्या मापाचा साचा, घालून ब्लीच करण्याची पद्धत मांडली. तिच्यात 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड वापरतात, म्हणजे साधारण 3.5 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. दवाखान्यातलं जेल 25 ते 40 टक्क्यांचं असतं, म्हणून हिरड्या झाकूनच ते लावतात. तसलं जेल ऑनलाइन मागवून स्वतः लावू नका. कीड, हिरड्यांचा आजार किंवा गरोदरपण असेल तर ब्लीचिंग पुढे ढकला.

ट्रेमध्ये दर दाताला तांदळाच्या दाण्याएवढंच जेल, तेही ट्रेच्या पुढच्या भिंतीला आतून. ट्रे बसवल्यावर बाहेर आलेलं जेल बोटाने किंवा मऊ ब्रशने पुसून घ्या. हिरडी पांढरी पडून चुरचुरली तर जेल जास्त झालंय किंवा ट्रेची कड हिरडीवर चढतेय. भरपूर पाण्याने धुवा, दोन-तीन दिवस थांबा आणि ट्रेची कड दंतवैद्याकडून कापून घ्या. दात शिवशिवायला लागले तर एक दिवसाआड लावा. 5 टक्के पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट ट्रेमध्ये दहा ते तीस मिनिटं ठेवल्याने आराम पडतो. एकाच दातात ठणका मारत असेल तर थांबा आणि तो दात तपासून घ्या.

सुळे बाकीच्यांपेक्षा पिवळेच राहतात; ते मुळातच गडद असतात. लहानपणी टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक औषध घेतल्याने करडे पडलेले दात दोन आठवड्यांत उजळत नाहीत, कित्येक महिने लागतात. दवाखान्यात निळ्या दिव्याखाली तासाभरात झालेला बदल पाहून हुरळू नका. दात सुकल्यामुळेही तो जास्त पांढरा दिसतो, एक-दोन आठवड्यांत रंग थोडा मागे येतो.

सिमेंट, कॅप, व्हिनियर (दातावर चिकटवलेली पातळ पापडी) यांचा रंग पेरॉक्साइडने बदलत नाही. म्हणून आधी ब्लीचिंग, मग दोन आठवडे थांबून नवं सिमेंट किंवा कॅप. हे थांबणं नुसतं रंग स्थिरावण्यासाठी नसतं. दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे रेझिनचं सिमेंट नीट धरत नाही. कॅपचा रंग जुळवायला दिवसा जा, लिपस्टिक न लावता, आणि शेड दिव्याखाली न बघता खिडकीपाशी बघा. लग्नासाठी करायचं असेल तर तारखेच्या सहा-आठ आठवडे आधी सुरुवात करा.