शाळेत टॅब आलेत, आता बाकीच्या शिक्षकांच्या हातात ते कसे द्यायचे

आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, कुठल्याही शाळेत टॅब आले की मला फोन येतो, सर या ना एकदा, दाखवून जा. मी जिल्हा परिषदेचाच शिक्षक, कॉम्प्युटरचं काही मोठं शिक्षण वगैरे नाही, फक्त बाकीच्यांच्या आधी चुका करून बसलोय एवढंच. तुमच्यावरही 'तंत्रस्नेही' असा शिक्का बसला असेल (आणि एकदा बसला की प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी तुम्हालाच हाक मारतात) तर हे तुमच्यासाठी. मुलांना टॅब शिकवायचे नसतातच, ती पाच मिनिटांत आपल्या पुढे जातात, खरं काम असतं ते शिक्षकांना सोबत घ्यायचं.

आधी माझी फजिती सांगतो. पहिल्यांदा मी शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, दोन तास घेतले, प्रोजेक्टर लावला, एकामागून एक चौदा अ‍ॅप दाखवली, चाळीस शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या, चहा झाला, सगळे खूश. महिनाभराने दोन-तीन शाळांत सहज गेलो तर टॅब बॉक्ससकट कपाटात, वरच्या प्लास्टिकच्या फिल्मसुद्धा काढलेल्या नाहीत. तेव्हा राग आला होता, नंतर कळलं की चूक माझीच, त्या दोन तासांत टॅब माझ्याच हातात होता ना, त्यांनी फक्त बघितलं. पोहायला शिकायला आलेल्या माणसाला काठावर बसवून मीच डुबक्या मारून दाखवल्या.

तेव्हापासून एकच नियम केलाय, शिकवताना आपले हात पाठीमागे बांधायचे. खरंच बांधायचे. समोरचे सर चुकीचं बटण दाबतायत, परत मागे जातायत, चष्मा शोधतायत, आपल्या बोटांना खाज सुटते की द्या इकडे मी करून देतो, पण नाही द्यायचं. 'वर उजवीकडे तीन टिंबं दिसतात का बाई, ती दाबा' एवढंच तोंडाने बोलायचं. वेळ तिप्पट लागतो. पण जे त्यांच्या बोटांनी केलं ते सोमवारी वर्गात त्यांना एकट्याने जमतं आणि जे तुम्ही करून दिलं त्यासाठी सोमवारी तुम्हालाच फोन येतो.

दुसरं, सुरुवात अ‍ॅपपासून करू नका. शाळेत गेलात की आधी टॅब बाजूला ठेवा आणि विचारा, कुठला पाठ शिकवायचा कंटाळा येतो, कुठे मुलांच्या डोक्यावरून जातं? याचं उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं. निवृत्तीला चार वर्षं राहिलेल्या एक बाई आहेत, त्यांनी पटकन सांगितलं, आठवीचं धाराविद्युत. शाळेत दोन बल्ब, एक होल्डर आणि सेल कायम उतरलेले, त्यामुळे फळ्यावर आकृती काढायची आणि पाठ करून घ्यायचं एवढंच व्हायचं. मग आम्ही फक्त तेवढ्यावरच बसलो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट नावाचं एक काम आहे, नोबेलविजेते कार्ल वाईमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेलं, त्यात विज्ञान-गणिताचे प्रयोग स्क्रीनवर बोटाने करता येतात, फुकट आहे आणि बरेचसे प्रयोग मराठीतही आहेत. फाइल एकदा डाउनलोड करून ठेवली की नेट नसतानाही ब्राउझरमध्ये उघडते, पण सगळ्या टॅबवर टाकायच्या आधी एकावर नेट बंद करून उघडून बघा, नाहीतर वर्गात पोपट होतो.

त्यात वायर, सेल, बल्ब ओढून जोडायचे. बाईंनी सर्किट जोडलं, बल्ब लागला, त्या हसल्या. मग चुकून बल्ब वगळून वायर सरळ सेलच्या दोन्ही टोकांना लागली आणि स्क्रीनवर सेलने पेट घेतला. 'अगं बाई, जाळला की मी!' म्हणून त्यांनी टॅब एकदम खालीच ठेवला. मी म्हटलं जळू द्या, वर्गातही हेच होणार आहे. आणि झालंच, पोरांना सर्किट जोडण्यापेक्षा आग लावण्यातच जास्त मजा, पहिली दहा मिनिटं नुसती जाळपोळ. तिथे बाईंचा तीस वर्षांचा अनुभव कामाला आला, त्या ओरडल्या नाहीत, फळ्यावर एवढंच लिहिलं की आग कधी लागते आणि कधी लागत नाही ते प्रत्येक गटाने वहीत काढून दाखवा. शॉर्टसर्किट हा शब्द नंतर आला, आधी पोरांनी ते करून बसवलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी गावातून नवे सेल आणवले, खरा बल्ब लावायला. मला टॅबचं हेच आवडतं, नीट वापरला तर पोरं शेवटी खऱ्या वस्तूकडेच जातात.

तर एक शिक्षक, एक पाठ, एक अ‍ॅप. महिनाभर तेवढंच पुरे. त्यांच्या टाचणात (तासांच्या तयारीच्या वहीत) तो तास लिहिला गेला की अर्धं काम झालं.

आता लोक नाही का म्हणतात ते पण नीट ऐका, आळस हे कारण फार कमी वेळा असतं. सगळ्यात मोठं कारण म्हणजे भीती, फुटला तर माझ्या पगारातून कापतील. हे कुणी तोंडावर बोलत नाही पण कपाटाला कुलूप याचंच असतं. यावर भाषण देऊन उपयोग नाही, मुख्याध्यापकांना सांगून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घ्यायचा, की वर्गात वापरताना पडला-फुटला तर काय करायचं, दुरुस्ती कुठून करायची, आणि जे ठरेल ते इतिवृत्तात लिहून घ्यायचं. जडसंग्रह रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, प्रत्येक टॅबचा नंबर चढवायचा. कागदावर आलं की शिक्षक मोकळे होतात, आपली जातच कागदाला मानणारी आहे. रबरी कव्हर आणि स्क्रीनगार्ड मात्र पहिल्याच दिवशी लावा, पोरांच्या हातात द्यायच्या आधी.

दुसरं कारण ऑनलाइन कामाचा वीट. दिवसभर ही माहिती भरा ती लिंक भरा, पोषण आहाराचा आकडा पाठवा, मग टॅब म्हटलं की त्यांना आणखी एक फॉर्म दिसतो. त्यांचा राग बरोबर आहे. म्हणून टॅब वापरल्याचे फोटो ग्रुपवर टाका अशी सक्ती कधीही करू नका, मी एकदा केली होती, सगळ्यांनी बरोबर एक फोटो काढला आणि टॅब परत आत ठेवले.

तिसरं, ते डिसले गुरुजींना जमतं हो, आम्हाला कुठलं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं ते पुस्तकात क्यूआर कोड वापरण्याच्या कामामुळे, हे सगळ्यांना माहीत असतं, पण तो कोड आता आपल्याच बालभारतीच्या पुस्तकात छापलेला आहे हे मात्र विसरतात. नवीन काही शोधायचं नाहीये. २०१७ मध्ये आलेलं सरकारचं दीक्षा अ‍ॅप टाका, त्याच्याच आतून पाठाजवळचा कोड स्कॅन करा, आणि जे आवडेल ते तिथेच डाउनलोड करून ठेवा. सगळं चांगलं नसतं, काही व्हिडिओ फळ्यापेक्षा बोअर असतात, म्हणून शिक्षकांनी आधी स्वतः बघायचंच. सहा-सात मिनिटांच्या वरचा असेल तर मधे थांबवून प्रश्न विचारायची जागा ठरवून ठेवा, नाहीतर मागच्या रांगेत कुस्त्या चालू होतात.

रेंजचं रडगाणं सगळीकडे आहे त्यामुळे मी नेट नाहीच असं धरून चालतो. घरच्या वायफायवर किंवा तालुक्याला गेल्यावर सगळं उतरवून घ्यायचं, मेमरी कार्डात भरायचं. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे, मराठी गोष्टी ढिगाने, डाउनलोड करून वाटायला परवानगी आहे. ई-बालभारतीवर पुस्तकांच्या पीडीएफ मिळतात. आणि थोडी हौस असेल तर जुन्या लॅपटॉपवर कोलिब्री नावाचं नेटशिवाय चालणारं शिकायचं सॉफ्टवेअर टाका आणि साधा वायफाय राउटर जोडा, नेट नसलं तरी वर्गातले सगळे टॅब त्या लॅपटॉपवरचे व्हिडिओ आणि सराव बघू शकतात. हे बसवायला माझा एक आख्खा रविवार गेला, पण नंतर प्रत्येक टॅबमध्ये वेगळं भरत बसावं लागलं नाही.

पण खरं सांगू का, सगळ्यात कामाची गोष्ट अ‍ॅप नाहीच, कॅमेरा आणि आवाज रेकॉर्डर. जे शिक्षक अजिबात तयार नसतात त्यांना मी इथून सुरू करून देतो. तिसरीच्या पोराला पुस्तकातला उतारा वाचून रेकॉर्ड करायला सांगा आणि मग त्यालाच ऐकवा. आपण कुठे अडखळलो ते त्याला स्वतःला कळतं, मग ते परत वाचतं, परत वाचतं, कुणी सांगावं लागत नाही. एका सरांनी तर घरी आजीकडून ओव्या म्हणून घेऊन रेकॉर्ड करायला सांगितलं होतं, वर्गात त्या ऐकताना अर्धा तास पोषण आहाराची घंटा झालेली कुणाच्या लक्षात आली नाही.

द्विशिक्षकी शाळेत टॅबचा वेगळाच फायदा, दोन वर्ग एका खोलीत असतात तेव्हा चौथीला गणिताचा सराव टॅबवर लावून दुसरीजवळ जाऊन बसता येतं. मात्र प्रत्येकाला एक टॅब द्यायचा हट्ट नको, असले तरी देऊ नका. तिघांत एक बरा, एकाने चालवायचं, एकाने वहीत लिहायचं, एकाने सांगायचं, आणि दहा मिनिटांनी बदलायचं, नाहीतर चालवणारा कायम तोच दांडगा पोरगा राहतो आणि मुली नुसत्या बघतात. हे शिक्षकांना आधीच सांगा, कारण गडबडीत ते दिसत नाही. पोरं दुसरीकडे जाऊ नयेत म्हणून सेटिंगमध्ये अ‍ॅप पिन करायची सोय असते, तीही बाईंच्याच बोटांनी चालू करून घ्या.

चार्जिंग हे सगळ्यात कंटाळवाणं प्रकरण आणि उपक्रम बंद पडतो तो इथेच. वीस टॅबना साधारण दहा वॅटचे चार्जर धरले तरी एकूण दोनशे वॅट, म्हणजे वीज फार लागत नाही, पण स्वस्तातल्या एकाच एक्स्टेन्शनला दुसरं एक्स्टेन्शन जोडून माळ लावू नका, एका ठिकाणी बोर्डाचं प्लास्टिक वितळलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. लाइट दुपारी जाते हे गावाला माहीत असतं, त्यामुळे परिपाठाच्या आधी लावायचे आणि मधल्या सुट्टीत काढायचे. टॅबवर मार्करने नंबर, चार्जरवर तोच नंबर, आणि हे काम सातवी-आठवीच्या दोन मुलामुलींकडे आठवड्याच्या पाळीने. शिक्षकांकडे ठेवलं तर होणार नाही, त्यांना आधीच शंभर कामं.

मेच्या सुट्टीआधी एक चक्कर नक्की मारा. टॅब पूर्ण चार्ज करून पण ठेवायचे नाहीत आणि शून्यावर पण नाही, अर्ध्याच्या आसपास ठेवून बंद करायचे, नाहीतर जूनमध्ये निम्मे चालूच होत नाहीत. पत्र्याखालच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात अजिबात नको, उन्हाळ्यात तिथे भट्टी असते, बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं जातं. फुगलेला दिसला तर चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायला तर मुळीच जाऊ नका, बाजूला काढून दुकानात दाखवा. आणि कपाटाची दुसरी किल्ली आठवणीने शाळेजवळ राहणाऱ्या कुणाकडे तरी द्या, आमच्याकडे एका वर्षी किल्ली सुट्टीत मुख्याध्यापकांच्या सासुरवाडीला गेली आणि पंधरा जूनला सगळी शाळा कुलपाकडे बघत उभी.