उत्पत्ती आणि पन्हाळ्याचा दगड : चर्चच्या तरुण संघात हा विषय कसा घ्यावा

बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात देव सहा दिवसांत सृष्टी घडवतो, विज्ञान मात्र कोट्यवधी वर्षं सांगतं. "सहा दिवस खरे की कोट्यवधी वर्षं?" असं अकरावी-बारावीतल्या मुलांनी विचारलं की एका वाक्यात उत्तर देऊन मोकळं होऊ नका. दीड-दीड तासाच्या दोन बैठका ठेवा, पहिली चर्चमध्ये आणि दुसरी पन्हाळ्यावर.

पहिल्या बैठकीत विज्ञान काढायचंच नाही. उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय मोठ्याने वाचून घ्या. फळ्यावर डावीकडे पहिले तीन दिवस लिहा : प्रकाश आणि अंधार, आकाश आणि पाणी, कोरडी भूमी आणि वनस्पती. उजवीकडे पुढचे तीन : ज्योती (सूर्य, चंद्र, तारे), मासे व पक्षी, पशू व मनुष्य. आधी जागा, मग ती भरणारे, ही मांडणी मुलांच्या लगेच ध्यानात येते. आता खाली दुसऱ्या अध्यायाचा क्रम लिहा : मनुष्य (२:७), बाग (२:८), पशू (२:१९), शेवटी स्त्री (२:२२). पहिल्या अध्यायात पशू मनुष्याच्या आधी, इथे नंतर. हे दोन्ही क्रम शेजारी ठेवून जपणाऱ्यांना फरक दिसलाच नसेल, हे पटत नाही. त्यांना देव कोण आणि सृष्टी कोणाची हे सांगायचं होतं, वेळापत्रक नव्हे. आणि हे वचनातूनच निघतं. इथे घाई करू नका, सगळा विषय यावर उभा आहे. "डार्विननंतर काढलेली पळवाट" असं कोणी म्हणालं तर सांगा, ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडिताने पाचव्या शतकातच हे दिवस नेहमीचे दिवस मानले नव्हते.

पन्हाळ्यावर खालचा काळा बेसाल्ट आणि माथ्यावरचा तांबडा जांभा दाखवा. बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि जांभा त्याच खडकाच्या दीर्घ झिजेतून झालेला. वय कसं काढतात तेही सांगा : खडकातल्या किरणोत्सारी पोटॅशियम-४० चा अर्धायुकाल, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षं, त्याचा काही भाग आर्गॉन वायू होतो. लाव्हा पातळ असताना आर्गॉन निसटतो, थिजल्यावर आत साठू लागतो. झिजलेल्या दगडातून आर्गॉन गळतो आणि वय कमी दिसतं, म्हणून ताजा, घट्ट दगडच लागतो. वय काढायच्या कार्बन-१४ पद्धतीचा इथे संबंध नाही. तो एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूंसाठी, तोही सुमारे ५०,००० वर्षांपर्यंतच. मुलं हमखास इथे अडकतात. हातोडी नेऊ नका, गडाचे दगड फोडायचे नाहीत.

एक दिवस म्हणजे अमुक कोटी वर्षं, असा हिशेब मांडू नका. वनस्पती तिसऱ्या दिवशी आणि सूर्य चौथ्या, तिथेच तो मोडतो. "प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा" हे २ पेत्र ३:८ हेही गणित नाही. पुढचं वचन वाचलं की देवाच्या सहनशीलतेचा विषय आहे हे दिसतं. विश्वाची सुरुवात ज्यातून झाली असं विज्ञान मानतं तो महास्फोट म्हणजेच उत्पत्तीतलं "प्रकाश होवो" असंही जुळवू नका. विश्व प्रसरण पावतं हे १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, तरी त्यांनी विश्वास आणि सिद्धांत एकमेकांत मिसळले नाहीत.

खरी अडचण आदामाची आहे. रोमकरांस पत्र ५:१२ मध्ये पाप एका माणसाद्वारे आलं असं आहे. आनुवंशिकी मात्र माणसाचे पूर्वज एकच जोडपं नव्हे, हजारोंचा समूह होता, याकडे बोट दाखवते. काही विश्वासू अभ्यासक आदामाला त्या समूहातला, देवाने निवडलेला प्रतिनिधी मानतात, काही सबंध मानवजातीचं चित्र. यावर मंडळीत मतभेद आहेत हे मुलांना उघड सांगा, पाळकांशी आधी बोलून घ्या, आणि या प्रश्नाला तिसरी बैठक द्या.