बोअरची मोटर चालू, पण पाणी कमी? वर काढण्याआधी हे बघा

थ्री फेजची सबमर्सिबल मोटर उलटी फिरली तरी थोडंफार पाणी येतं, त्यामुळे चूक लवकर ध्यानात येत नाही. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) काम झालं किंवा केबलचा जोड नव्याने मारला की असं होऊ शकतं. मेन स्विच बंद करून स्टार्टरमधून मोटरकडे जाणाऱ्या तीनपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल करा. ज्या दिशेला पाणी जास्त पडेल, तीच बरोबर.

मग अँपिअर, म्हणजे मोटर किती करंट घेते, ते बघा. नेहमीपेक्षा बरेच कमी असतील तर बोअरचं पाणी खाली गेलंय किंवा मोटर आणि पंप जोडणारं कपलिंग तुटलंय. जास्त असतील तर व्होल्टेज कमी आहे, नाहीतर पंपात वाळू अडकलीय. अँपिअर ठीक असतील तर केसिंगला (बोअरच्या तोंडाशी दिसणाऱ्या मोठ्या पाइपाला) कान लावा. आत पाणी पडल्याचा आवाज आला तर बहुतेक पाइप फुटलाय. एवढं तपासल्याशिवाय मोटर वर काढायला माणसं बोलावू नका, मजुरी फुकट जाते.

काढलीच तर बोअरचं तोंड लगेच घट्ट झाका, एका रात्रीपुरतंही उघडं नको. लहान पोरं घरात असतात.

परत सोडताना, मोटर आत तेलाऐवजी पाणी भरायची (वॉटर-फिल्ड) असेल तर तिच्यात स्वच्छ पाणी भरा, बुडबुडे थांबेपर्यंत. भार दोरावर आणि पाइपावर ठेवा, केबलला धरून कधीच सोडू नका. आणि मोटर तळाला टेकवू नका, गाळ खाईल.