मूल ‘स्लो’ आहे म्हणण्याआधी : या चुका टाळा

कोथरूडला माझ्याकडे चौथी ते नववीची मुलं शिकवणीला येतात. पहिल्या भेटीत पालकांचं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं. “मॅडम, हुशार आहे हो, पण फार स्लो आहे. पेपर पुरा होत नाही.” मूल शेजारीच मान खाली घालून उभं असतं. कृपा करून हे त्याच्यासमोर बोलू नका. ‘मी स्लो’ हे एकदा मनात बसलं की ते काढायला फार दिवस जातात.

मोठ्यांच्या घड्याळाने मुलाला मोजणं

पाहिलेलं ओळखायचं, अर्थ लावायचा, उत्तर ठरवायचं, या सगळ्याला मेंदूला लागणारा वेळ वयाबरोबर कमी होतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट केल यांनी १९९१ साली तोवरच्या अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले. साध्या कामांनाही आठ वर्षांच्या मुलाला तरुण माणसाच्या सुमारे दुप्पट वेळ लागतो. लहानपणी हा वेग भराभर वाढतो, किशोरवयात वाढ मंदावते आणि पंधरा-सोळाच्या सुमारास फरक थोडाच उरतो. यामागचं एक मोठं कारण म्हणजे मज्जातंतूंवर चढणारं मायलिनचं स्निग्ध आवरण. ते चढलं की संदेश कितीतरी पट वेगाने जातो. मेंदूच्या पुढच्या भागात हे काम विशीतही चालू असतं.

म्हणून सहावीतल्या ताईशी दुसरीतल्या भावाची तुलना करू नका. एकाच वर्गातही सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मुलात जवळजवळ वर्षाचं अंतर असू शकतं, आणि त्या वयात एक वर्ष फार असतं.

हात हळू आहे की डोकं, हे न बघणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पाचवीतला एक मुलगा फळ्यावरचं उतरवत होता, मी शेजारी जाऊन बसले. ‘पर्जन्यमान’ लिहिताना प लिहिला, मान वर. र्ज लिहिला, पुन्हा मान वर. एका शब्दाला पाच वेळा. पेन्सिल इतकी दाबून धरलेली की अक्षरं पुढच्या पानावर उमटत होती, आणि दर दोन ओळींनी तो बोटं झटकत होता. मी वही मिटायला लावली आणि विचारलं, “काय रे, कोकणात एवढा पाऊस आणि पुण्यात कमी, असं का?” माझा प्रश्न संपायच्या आत तो म्हणाला, “ढग घाटावर अडतात ना! आपण घाटाच्या अलीकडे.”

डोकं मुळीच हळू नव्हतं. मग शब्द एकदा बघायचा, मनात म्हणायचा, न बघता लिहायचा, एवढंच आम्ही रोज दहा मिनिटं केलं. मान वर होणं हळूहळू कमी झालं.

घरी असंच करून बघा. तोंडी उत्तर पटकन येतंय आणि कागदावर अडतंय, तर लिखाणाकडे लक्ष द्या. वेक्सलरच्या बुद्धिमापन चाचणीतही वेगाचा एक भाग पेन्सिलीने चिन्हं भरून सोडवावा लागतो. त्या अहवालात वेगाचा आकडा कमी दिसला, तर हाताचा वाटा किती, हे चाचणी घेणाऱ्यांना जरूर विचारा.

एका दमात चार सूचना

“डबा घे, बाटली भर, डायरीवर सही घे, बूट घाल, व्हॅन आली!” पहिली सूचना समजेपर्यंत तिसरी निसटलेली असते. एक सांगा, झालं की दुसरं सांगा.

पहिल्या दिवसापासून स्टॉपवॉच

शिष्यवृत्ती परीक्षेच्या एका पेपरात ९० मिनिटांत ७५ प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. पालकांची काळजी खोटी नाही. पण धडधड सुरू झाली की आकडे डोक्यात धरायची जागा ती काळजीच खाते. ज्याचा सराव कराल ते काम वेगाने होतं, सरावाने मेंदूचा एकूण वेग वाढतो असं समजू नका. पाढे तोंडावर आणि जोडाक्षरं डोळ्यांत बसली की वेळ आपोआप वाचतो. आधी अचूक येऊ दे, घड्याळ परीक्षेच्या आधीच्या काही आठवड्यांत लावा.

झोपेतून वेळ काढणं

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी, तेरा ते अठराला ८ ते १०. रात्री साडेअकरापर्यंत क्लासचा गृहपाठ आणि सहाला उठणं, अशा मुलाच्या वेगाबद्दल तक्रार करायचा आपल्याला हक्क नाही.

‘मोठा झाला की होईल’ म्हणून थांबून राहणं

वय सगळंच भरून काढत नाही. बरोबरीच्या मुलांपेक्षा कायम खूप वेळ लागत असेल, वाचताना ओळ सुटत असेल, तर आधी डोळे, कान आणि रक्तातलं लोह तपासून घ्या, मग बालमानसतज्ज्ञांकडे जा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. तज्ज्ञांकडे जाताना मुलाच्या दोन-तीन वह्या आणि अर्धवट राहिलेला एक पेपर बरोबर न्या.