बर्गंडीला निघताना: घड्याळ आधी, नकाशा नंतर

पॅरिसला आमच्याकडे आठवडाभर पाहुणे आले की चौथ्या दिवशी हमखास विचारतात, "एखादा शनिवार-रविवार गाडी घेऊन खेड्यापाड्यांत जाऊन येता येईल का?" येतं की. मी त्यांना बर्गंडी या द्राक्षमळ्यांच्या प्रांतात पाठवते, आणि एकच गोष्ट बजावते. किलोमीटर मोजत बसू नका, तास मोजा. तिथली गावं एकमेकांपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहेत, अंतराची भीती नाही. पण दुपारी बारा ते दोन बरंचसं बंद, जेवणही साधारण त्याच वेळात, आणि रविवारी दुपारनंतर गावात मांजरसुद्धा दिसत नाही. हे डोक्यात ठेवून आखलं तर दोन दिवस पुरतात.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. पहिल्या खेपेला आम्ही शनिवारी दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी बर्गंडीतल्या दिजाँ शहराच्या स्टेशनवर उतरलो. गाडी भाड्याने देणाऱ्यांचा काउंटर बाराला बंद झाला होता, आता उघडणार दोनला. काचेवर वेळेची पाटी होती आणि तीच पाटी बुकिंगच्या ईमेलमध्येही होती, मी वाचली नव्हती इतकंच. सासूबाई बाकावर, बॅगा पायाशी, आणि मी सदाशिव पेठेत वाढलेली, म्हणजे दुपारी बंद असणाऱ्या दुकानाचं मला तरी नवल वाटायला नको होतं. तेव्हा बुकिंग करताना आधी काउंटरची वेळ बघा, मग गाडीचा रंग. शुक्रवारी संध्याकाळी रेल्वेने दिजाँला जाऊन झोपणं आणि शनिवारी सकाळी गाडी ताब्यात घेणं सगळ्यात सुखाचं. पॅरिसच्या गार द लियाँ स्टेशनवरून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने साधारण दीड तास आणि वर पाचेक मिनिटं लागतात. पॅरिसपासूनच गाडी चालवत नेली तर ए ६ महामार्गाचा टोल, शुक्रवारची गर्दी आणि वर पॅरिसचा ३५ किलोमीटरचा वळसा-रस्ता, जिथे उजवीकडून आत घुसणाऱ्या गाडीचा हक्क आधी असतो. उजव्या बाजूने गाडी चालवण्याचा पहिला धडा तिथे गिरवू नये.

तारीख ठरवताना कॅलेंडर नीट बघा. मे महिन्यात १ आणि ८ तारखेला सुट्टी असते, शिवाय एक धार्मिक सुट्टी गुरुवारी येते आणि लोक मधला शुक्रवार जोडून चार दिवस निघतात. याला ते 'पूल बांधणं' म्हणतात. सप्टेंबरात द्राक्षतोडणीमुळे खोल्या मिळत नाहीत आणि रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागे रांगा लागतात. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी बोन गावात वाइनचा मोठा लिलाव असतो. १८५९पासूनची प्रथा आहे, आणि त्या दिवसांत बोनमध्ये मुंगीला जागा नसते. जून उत्तम, कारण रात्री साडेनऊलाही उजेड असतो. डिसेंबरात मात्र पाचला अंधार, आणि अरुंद रस्त्यांवर दिवे नसतात.

कागदपत्रांचं काम भारतातूनच उरकून या. थोड्या दिवसांसाठी आलेल्यांना इथे भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते, पण सोबत अधिकृत भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आपल्या आरटीओत फॉर्म ४ए भरून, १००० रुपये फी देऊन मिळतो आणि फार तर वर्षभर चालतो. एक छोटी पुस्तिका असते ती. तिच्याबरोबर मूळ लायसन्सचं कार्डही हवंच. फोनमधलं डिजिलॉकर इथे कुणी ओळखत नाही. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं घ्या, कारण अनामत रक्कम त्यावर अडकवून ठेवतात आणि डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. दुसरा माणूसही चालवणार असेल तर त्याचं नाव करारात घालून घ्या. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर स्पष्ट तशी निवडा, न सांगता मिळेल ती गिअरचीच मिळण्याची शक्यता जास्त.

गाडी हातात आली की लगेच निघू नका. चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, चाकांच्या कडा आणि काचेवरचे ओरखडे जवळून घ्या. चमकणारं जाकीट आणि धोक्याचा त्रिकोण गाडीत असणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यातलं जाकीट डिकीत ठेवून चालत नाही, हाताशी हवं. दहा वर्षांखालची मुलं मागेच बसवायची. मग पार्किंगमध्येच दोन चकरा मारा. गिअर उजव्या हाताला, आणि इंडिकेटर डावीकडच्या दांडीवर. आमच्या घरच्यांनी पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर वायपर चालू केला. आकाश निरभ्र, काच करकरत पुसली जातेय आणि मागचा ड्रायव्हर बुचकळ्यात.

वेगाचे नियम सोपे आहेत, फक्त फलक वाचता आले पाहिजेत. लाल कडेची गावाच्या नावाची पाटी दिसली की तिथून ५०, पुढे वेगळा आकडा लिहिला नसेल तर. तेच नाव लाल रेघेने खोडलेलं दिसलं की गाव संपलं. गावाबाहेरच्या, मध्ये दुभाजक नसलेल्या दुतर्फा रस्त्यावर २०१८च्या जुलैपासून ८०, मात्र काही जिल्ह्यांनी ते परत ९० केलंय, त्यामुळे फलक म्हणेल ते खरं. महामार्गावर १३०, पावसात ११०. फोन हातात धरून दिसलात तर १३५ युरो दंड, आणि कानात इअरफोन घालूनही चालवायला बंदी.

खरी गोम आहे 'प्रियोरिते आ द्र्वात'मध्ये, म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देणे. दुसरा काही फलक नसेल तर चौकात उजव्या बाजूच्या रस्त्यावरून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तुमचा रस्ता कितीही रुंद असो. द्राक्षमळ्यांमधल्या एका गावात आम्ही मुख्य रस्त्याने आरामात चाललो होतो. उजव्या हाताच्या बोळातून, दोन दगडी भिंतींच्या मधून, एक जुनी पांढरी रेनो बाहेर आली. चालवणारे आजोबा टोपी घालून सरळ समोर बघत होते. आमच्याकडे त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. वळवायची गरजच नव्हती, हक्क त्यांचा होता. आम्ही करकचून ब्रेक दाबला आणि मागच्या सीटवरचा डबा पुढे आला. पिवळ्या चौकोनाचा, टोकावर उभा केलेला फलक दिसला तर मुख्य रस्त्याचा हक्क तुमचा. तो खोडलेला दिसला की पुन्हा उजवीकडे लक्ष. गोल चौकात बहुतेक ठिकाणी आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. वाट चुकलात तर तिथेच आणखी एक फेरी मारा, कुणी हॉर्न वाजवत नाही.

पेट्रोलपंपावर डिझेलला 'गाझोल' म्हणतात आणि त्यावर बी ७ लिहिलेलं असतं; पेट्रोल म्हणजे ई १० किंवा ९८. 'गाझोल' वाचून गॅसोलीन समजू नका. टाकीच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय त्याचा फोटो काढून ठेवा. सुपरमार्केटच्या पंपावर दर कमी असतो आणि रविवारीही कार्डावर यंत्र चालतं, फक्त सुरुवातीला ते मोठी रक्कम अडकवतं, घाबरू नका.

आता मार्ग. शनिवारी सकाळी दिजाँहून दक्षिणेला डी १२२ हा रस्ता धरा. झव्रे-शांबेर्तँ, व्हूजो, मग न्वी-सँ-जॉर्ज, आणि शेवटी बोन. चाळीसएक किलोमीटर, पण बोनचा बाजार दुपारपर्यंतच असल्याने साडेनऊला निघा. नाशिककडचे द्राक्षमांडव डोळ्यांसमोर असतील तर इथल्या वेली बघून हसू येतं, जेमतेम कमरेएवढ्या. याच वाटेजवळ रोमाने-काँती या नामांकित वाइनचा मळा आहे, दोन हेक्टरसुद्धा नाही, कडेला दगडी क्रूस. त्याच्या भिंतीपाशी उभं राहून फोटो काढा, आत पाय टाकू नका. इथल्या वेगवेगळ्या तुकड्यांना 'क्लिमा' म्हणतात, २०१५मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं. चाखायला थांबणार असाल तर आदल्या रात्रीच ठरवा की चालवणार कोण. मर्यादा रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम मद्याची आहे. चाखून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात कुणाचा अपमान होत नाही.

बोनमध्ये १४४३ साली गरिबांसाठी स्थापलेलं इस्पितळ बघाच. तिथे १९७१पर्यंत रुग्ण होते. रस्त्यावरून पाहिलं तर साधं करड्या पाटीच्या दगडाचं छप्पर, त्यामुळे लोक बाहेरूनच परततात. रंगीत कौलं आतल्या चौकात आहेत. मात्र आधी बाजार, इस्पितळ नंतर.

बाजार महत्त्वाचा कारण रविवारची बेगमी शनिवारीच करायची असते. ब्रेड, टोमॅटो, चेरी, चीज. एपवास नावाचं इथलं चीज घेतलंत तर ते हवाबंद डब्यात ठेवा. आम्ही कागदात गुंडाळून डिकीत ठेवलं होतं, पुढचे दोन दिवस खिडक्या उघड्या. हे चीज स्थानिक मद्याने धुतात, आणि पारंपरिक चीज बहुतांशी वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजलेलं असतं, कडक शाकाहाऱ्यांनी हे धरून चालावं. हॉटेलात 'वेजेतारियँ' एवढं म्हणून भागत नाही. सॅलडवर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे येतात. "सां व्यांद, सां प्वासाँ, सां लार्दाँ" असं पाठ करा, म्हणजे मांस, मासे आणि ते तुकडे नकोत. आणि काहीही विचारण्याआधी 'बाँझूर'. त्याशिवाय समोरचा ऐकतच नाही.

आमच्या पिशवीत मेतकूट, थालीपिठं आणि शेंगदाण्याची चटणी असतेच. रविवारी रात्री एका गावात काहीच उघडं नव्हतं तेव्हा सासूबाईंनी मागच्या सीटवरून थालीपीठ पुढे केलं आणि एक शब्दही बोलल्या नाहीत. शिवाय पाण्याच्या बाटल्या, सुटी नाणी, टॉयलेट पेपर. गावाच्या टाउन हॉलजवळ फुकट शौचालय सापडतं. कधी ते उकिडवं बसण्याचं असतं, आपल्याला काय त्याचं. ११२ हा आणीबाणीचा क्रमांक फोनमध्ये जतन करा.

मुक्कामाला 'शांब्र दोत' घ्या, म्हणजे कुणाच्या तरी घरातली खोली. पाचाहून जास्त खोल्या ठेवायला त्यांना परवानगी नाही. न्याहारी भाड्यात येते. पोचण्याची वेळ कळवा आणि ती पाळा, कारण रिसेप्शन नसतं, मालकीणबाई तुमच्यासाठी घरी थांबलेल्या असतात.

रविवार ओस्वा नावाच्या भागासाठी. सकाळी सेंट बर्नार्डने १११८मध्ये स्थापलेला फाँतनेचा मठ, मग फ्लाविन्यी. जेवणाची जागा शुक्रवारीच फोन करून राखा, रविवारी दुपारी अख्खी कुटुंबं जेवायला बाहेर पडतात. फ्लाविन्यीत जुन्या मठात ॲनिसच्या, म्हणजे बडीशेपेसारख्या बियांच्या गोळ्या बनतात, डबीवर १५९१ साल छापलेलं. एकेका दाण्यावर साखरेचे थर चढवत पंधराएक दिवस लागतात. सासूबाईंनी एक गोळी तोंडात ठेवली, जिभेवर फिरवली आणि म्हणाल्या, "अगं, हा तर संक्रांतीचा हलवा. काटे तेवढे आले नाहीत." त्यांना परातीत मंद आचेवर पाक घालत हलवा करताना मी बघितलंय, त्यामुळे वाद घातला नाही. सहा डब्या घेतल्या.

परतताना दिजाँ गाठायला दीड तास धरा, त्यात टाकी भरणं आलं. रविवारी संध्याकाळी काउंटर बंद असू शकतो. किल्ली टाकण्याची पेटी कुठे आहे ते शनिवारीच विचारून ठेवा. इंधनाचा काटा, किलोमीटर आणि उभी केलेली जागा यांचे फोटो काढा. आणि किल्ली पेटीत टाकण्याआधी चार्जिंगची वायर काढून घ्या. आमच्या दोन वायरी अजून बर्गंडीतच फिरतायत.