सेल्फ फिरेना? बॅटरी बदलायच्या आधी या चुका टाळा

उन्हाळ्यात आपल्याकडं परभणी, नांदेडला पारा ४२-४३ च्या पुढं जातो, अन मोटारसायकली दिवसभर उन्हात उभ्या असतात. बॅटरी खराब व्हायला एवढं पुरतं, कारण उष्णतेनं आतलं पाणी लवकर उडतं अन आयुष्य कमी होतं. म्हणून सेल्फ (बटनानं इंजिन फिरवणारी मोटर) लागेना झाला की लोक सरळ दुकानात जाऊन नवी बॅटरी घेतात, अन दोन दिवसांनी परत तेच रडगाणं. सगळ्यात मोठी चूक हीच.

आधी ऐका. इंजिन घर्र घर्र फिरतंय पण चालू होईना, तर पेट्रोल नाहीतर प्लग बघायचा, तो विषय वेगळा. इथं आपण बोलतोय ते बटन दाबलं तरी इंजिन फिरतच नाही त्याबद्दल.

बटन दाबल्यावर एकदम सामसूम, पण मीटर लागतंय, हॉर्न जोरात वाजतोय? मग बॅटरीवर संशय घेऊ नका. किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच) बघा, कुणीतरी पोरानं हात लावलेला असतो. क्लच पूर्ण दाबा, गाडी न्यूट्रलला आणा अन न्यूट्रलचा दिवा लागतो का बघा. मग साइड स्टँड. बऱ्याच नव्या गाड्यांत स्टँड खाली असला की इंजिन चालू होत नाही, अन आपल्याकडच्या शेतरस्त्यांवर पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल त्या स्टँडच्या स्विचमधी असा घट्ट बसतो की स्टँड वर घेतला तरी गाडीला तो खालीच वाटतो. पाण्यानं धुवा, वाळू द्या, परत बघा. प्रेशरनं गाडी धुतल्यावर क्लचच्या स्विचमधी पाणी जाऊन पण असंच होतं. मीटरसुद्धा लागत नसंल तर आधी मेन फ्यूज अन बॅटरीचे टर्मिनल.

फ्यूज उडालेला दिसला तर तार गुंडाळू नका, हात जोडून सांगतो. फ्यूज उडतो म्हणजे बहुतेक कुठंतरी शॉर्ट आहे, उंदरानं वायर कुरतडलेली असंल, नाहीतर बाहेरून लावलेल्या लाइटची वायर चेसीला (गाडीच्या सांगाड्याला) घासली असंल. तार लावली की फ्यूजऐवजी वायरिंग जळतं, अन वर पेट्रोलची टाकी असते.

कट-कट-कट-कट असा भराभर आवाज येत असंल तर करंट कमी पडतोय. तरीबी लगेच नवी बॅटरी नको. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमलीय का, नट ढिला आहे का, चेसीवरच्या अर्थिंगच्या बोल्टला गंज आहे का ते बघा. खोलताना मायनस आधी काढायचा, लावताना प्लस आधी, नाहीतर पाना चेसीला लागला की ठिणगी उडते.

साधा मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) घ्या अन बॅटरीच्या टर्मिनलला लावा, लई कामाची वस्तू आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ च्या आसपास व्होल्ट दाखवले तर बॅटरी भरलेली, १२ च्या खाली असंल तर उतरलेली. पण खरी परीक्षा बटन दाबून ठेवून घ्यायची. ८-९ वर कोसळली तर आधी पूर्ण चार्ज करून परत बघा, तरी कोसळली तर बॅटरी गेली (क्वचित मोटर किंवा इंजिन जाम असलं तरी कोसळते, ते मिस्त्रीला तपासू द्या). अन व्होल्ट फारसे पडत नाहीत, एकच ठक् होतं अन मोटर फिरत नाही, तर रिलेचे (सेल्फला करंट सोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट जळालेले असतील किंवा मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असतील. तिथं नवी बॅटरी घालून पैसे पाण्यात.

बॅटरी बदलली तरी चार्जिंग न बघणं ही दुसरी मोठी चूक. गाडी चालू करून थोडी रेस दिली की १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला पाहिजेत. कमी येत असतील तर बॅटरी भरतच नाही, १५ च्या वर जात असतील तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) खराब आहे अन तो नव्या बॅटरीचंबी पाणी उडवणार.

पाण्याच्या बॅटरीत बोअरचं पाणी टाकू नका, आपलं पाणी क्षाराचं आहे, प्लेटा खराब होतात. फक्त डिस्टिल्ड वॉटर. ॲसिडबी टाकायचं नाही, उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. सीलबंद बॅटरीचं झाकण तर उचकटायचंच नाही.

रिलेवर पाना ठेवून शॉर्ट मारणारे पण दिसतात. गाडी गियरमधी असली तर अंगावर येते, अन ठिणग्या वेगळ्याच. कारच्या बॅटरीवरून चालू करायची असंल तर कारचं इंजिन बंद ठेवा, काळी (मायनसची) वायर शेवटी अन बॅटरीपासून लांब चेसीला लावा. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला किक असली तर ती बहुतेक वेळा उतरलेल्या बॅटरीवर पण निघते. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलच्या पंपालाच करंट लागतो, बॅटरी पार मेलेली असंल तर धक्का मारून दम घालवण्यात अर्थ नाही.

मिस्त्रीकडं गेलात तर नुसतं "सेल्फ लागत नाही" म्हणू नका. आवाज कसला आला, मीटर लागतं का, बटन दाबल्यावर व्होल्ट किती पडले, एवढं सांगा.